गाण्यापुरती कवळी

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलचं दार आतून काळ्या रंगाने रंगवलेलं होतं, आणि हौशी संगीत नाटक मंडळीचा सगळा कायदा त्या दारावर खडूने लिहिलेला होता. डावीकडे भूमिका: पिता, मुलगी, कप्तान, कोळणी एक ते सहा. उजवीकडे रेघा. एक गैरहजेरी, एक रेघ. तिसरी रेघ पडली की भूमिका गेली. तालीम पाच वाजता सुरू व्हायची आणि पाच वाजून एका मिनिटाने दार बंद. मग बाहेरून कितीही टकटक करा, आतून फक्त पेटी ऐकू यायची.

कायदा बाईंचा होता. बाई दिवसा शाळेत गणित शिकवायच्या आणि सोमवार ते गुरुवार संध्याकाळी नाटक बसवायच्या, दोन्हीकडे एकाच आवाजात. "कारणं मला शाळेत पुरून उरतात," त्या म्हणायच्या, "इथे नकोत." त्यांनी आणखी एक रीत घालून दिली होती. रेघ त्या स्वतः मारायच्या नाहीत. जो गैरहजर, त्याच्या जागी उभं राहायला जो तयार असेल, त्याने ती मारायची. ज्याला दुसऱ्याची जागा हवी आहे त्याने सगळ्यांसमोर खडू हातात घ्यावा, पाठीमागून काही नको, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छानच वाटतं. खडू हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

'मुलगी' या शब्दापुढे दोन रेघा होत्या. ही मुलगी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती. मंडळीत तिला डॉक्टरीणबाई म्हणत आणि कॉलेजात नटी. म्हणजे जिथे जाईल तिथे लोक तिला दुसरीकडची समजत, आणि दोन्हीकडे जरा नाक मुरडूनच. पहिली रेघ पडली ती एका पेशंटची दाढ काढताना मूळ आतच मोडलं म्हणून. ते निघेपर्यंत सव्वापाच झाले. दुसरी पडली ती एका धिप्पाड गृहस्थांना इंजेक्शन नुसतं बघूनच घेरी आली म्हणून. ते शुद्धीवर आले तेव्हा त्यांना घरी सोडायला कुणी नव्हतं. दोन्ही वेळा ती धावतपळत पोचली आणि बंद दाराबाहेर जिन्यात बसून राहिली. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबलेला अॅप्रन, आणि आतून येणारं आपलंच गाणं, दुसरीच्या आवाजात.

दुसरी म्हणजे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची एक पोरगी. तिला सगळे धाकटी म्हणत. वाईट नव्हती बिचारी. आवाजही चांगला होता, आणि तोच तर त्रास होता.

नाटक एका दीपगृहाचं होतं. म्हातारा दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची मुलगी. शेवटच्या अंकात मुलगी जहाजावर चढून दूर निघून जाते, त्याआधी बापलेकीचं एक गाणं आहे. साडेचार मिनिटांचं. डॉक्टरीणबाईंनी या साडेचार मिनिटांसाठी दोन वर्षं कोळणी क्रमांक पाच होऊन मागच्या रांगेत टोपली हलवली होती. तिसऱ्या वर्षी तिला 'मुलगी'च्या मागे राखीव ठेवलं. तेव्हा मुलगी होती एक नर्स. मोठी गोड गायची, पण तिच्या ड्यूट्या बदलत राहायच्या. तिच्या तीन रेघा झाल्या. तिसरी रेघ मारली डॉक्टरीणबाईंनी; चांगली ठसठशीत, पट्टीने आखल्यासारखी. दुसऱ्या दिवशी नर्स आली, दाराकडे बघितलं, खिडकीत विसरलेली आपली पाण्याची बाटली उचलली आणि गेली, ती गेलीच. त्या वेळी डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं होतं. पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला होता.

आता प्रयोगाला सात आठवडे उरले होते आणि परीक्षेला आठ. दोन्ही जवळ आल्यामुळे घरात तिच्याशी कुणी नीट बोलेनासं झालं होतं, कारण ती कुणाशी नीट बोलत नव्हती. सहाला उठायचं, बसमध्ये उभ्याने नोट्स वाचायच्या, नऊ ते चार ओपीडी, मग पळत तालीम, साडेसातला सुटून पुन्हा बस, की जेवणाच्या ताटाशेजारी पुस्तक. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी राहून आलेली असायची. तिचीही सहनशक्ती संपलेली.

"एक काहीतरी नीट कर ना गं," आई म्हणाली.

"दोन्ही नीटच करतेय!"

"मग ओरडतेस का?"

ती ताट उचलून आत गेली.

त्यातच कवळीचं संकट आलं. दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला ठरलेला कोटा पुरा करावा लागतो: इतक्या दाढा काढणं, इतकी रूट कॅनाल, आणि पूर्ण कवळ्या दोन. कवळी म्हणजे काही फुलदाणी नव्हे, की बसलं आणि बनवली. पेशंटला पाच वेळा यावं लागतं. आधी मापं, मग पक्की मापं, मग चावा किती उंच हे ठरवणं, मग दात मेणात बसवून चाचणी, आणि शेवटी कवळी तोंडात. प्रत्येक पायरीला लॉगबुकात सही. सह्या पुऱ्या नाहीत तर परीक्षेचा फॉर्म नाही. डॉक्टरीणबाईंची पहिली कवळी झाली होती. दुसरीसाठी मिळालेल्या आजी दोन भेटींनंतर मुलाकडे राहायला गेल्या, कायमच्या. फोनवर म्हणाल्या, "अगं, इथे मऊ भात देतात. दात कशाला हवेत?"

दात नसलेला माणूस शोधायचा म्हटलं की जगात सगळ्यांना बत्तीस दात असतात. ती आठवडाभर ओपीडीच्या दारात उभी राहून येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे आशेने बघत होती, आणि म्हातारे तोंड फिरवून दुसऱ्या विद्यार्थ्याच्या खुर्चीत जाऊन बसत होते.

आणि मग एका तालमीत, बापलेकीचं गाणं चालू असताना, समोर उभ्या असलेल्या बापाची वरची कवळी तानेच्या टोकाला घसरली. बापाने ती सराईतपणे जिभेने वर ढकलली आणि तान पुरी केली.

बाप म्हणजे खर्जकाका. निवृत्त पोस्टमन, वय एकाहत्तर. आवाज इतका खालचा की पेटीवाला म्हणायचा, काका गायला लागले की माझ्या पायांना कळतं, कानांना नंतर. मंडळी सुरू झाल्यापासून त्यांच्या नावापुढे एकही रेघ नव्हती आणि त्यांच्या जागी राखीवही कुणी नव्हतं, कारण तो आवाज आणणार कुठून? फक्त त्यांचे 'स' फार वाईट होते. गाण्याची ओळ होती, 'सांजसकाळी सागर सांगे, सोड किनारा, सोड'. काका ती 'शांजशकाळी शागर शांगे' अशी गायचे. बाईंनी वर्षभर डोकं आपटलं आणि नाद सोडला.

तालीम सुटल्यावर तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"काका, तुमची कवळी किती वर्षांची?"

"अकरा. का गं?"

"सैल झालीय."

"सैल नाही, सवयीची झालीय. हिला माझी सगळी गाणी पाठ आहेत."

"नवी करून देते. गाताना घसरणार नाही, 'स' सुधारेल, जेवण नीट चावता येईल..."

काका पायरीवर थांबले. "तुला पेशंट हवाय."

"हो," ती म्हणाली. "नाही मिळाला तर परीक्षेला बसता येणार नाही."

"मग असं सरळ बोल की. माझ्या कवळीला कशाला नावं ठेवतेस? येतो."

पुढचे तीन आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात हुशारीचे आठवडे होते, असं तिला वाटलं. काका तीन वाजता यायचे, सव्वाचारला दोघं एकाच बसने तालमीला निघायचे. कोटाही होत होता आणि तालीमही चुकत नव्हती. एवढंच नाही, तर ती दातांच्या खुर्चीतच गाण्याची तयारी करून घ्यायची. मापाचा मसाला तोंडात घट्ट होईपर्यंत तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात ती आपली ओळ म्हणायची आणि काका तोंडातल्या तोंडात आपली हुंकारायचे. शेजारच्या खुर्चीतले पेशंट माना वळवून बघायचे. वर्गातली मुलं म्हणायची, "नटी, तिकीट किती?" ती हसायची. पहिल्यांदाच दोन्ही गाडे एका रस्त्याने चालले होते, आणि ते तिनेच जमवून आणलं होतं.

तिसऱ्या भेटीत चाव्याची उंची ठरवायची होती. हे काम नाजूक असतं. पेशंटच्या नाकाच्या शेंड्यावर एक टिंब, हनुवटीवर एक टिंब. माणूस अगदी सैलावून बसला, की ओठ मिटलेले असतात पण आतले जबडे किंचित सुटे असतात. त्या स्थितीत दोन टिंबांतलं अंतर मोजायचं आणि त्यातून दोन-तीन मिलिमीटर कमी करायचे. ती झाली चाव्याची उंची. पेशंट सैलावावा म्हणून त्याला 'म्म्म' असं म्हणायला सांगतात. पुस्तकात तसंच लिहिलंय.

"काका, गुणगुणा," ती म्हणाली.

काकांनी गाण्याची सुरावट गुणगुणली, डोळे मिटून, छान लांबवून. तिने पट्टी लावली, आकडा लिहिला. तिलाही सुरात सूर मिसळायचा मोह आवरला नाही.

चौथ्या भेटीला मेणात बसवलेले दात तोंडात घालून बोलायला लावायचं असतं. साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगतात, कारण त्यात 'स' आणि 'ष' पुष्कळ. पण त्या दिवशी खुर्ची उशिरा मिळाली, चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि दारावर तिच्या दोन रेघा होत्या. "काका, मोजत बसू नका, ओळच म्हणा," ती म्हणाली. काकांनी ओळ म्हटली. प्रत्येक 'स' नाण्यासारखा वाजला. ड्यूटीवरच्या मॅडमना ऐकूनच पटलं, त्यांनी सही केली, आणि दोघांनी चार वीसची बस पकडली.

मंगळवारी कवळी तयार होऊन आली. प्रयोगाला अकरा दिवस होते.

त्या संध्याकाळच्या तालमीत काका गायले आणि पेटीवाल्याचे हात थांबले. सांजसकाळी सागर सांगे. शब्द एकेक सुटा, स्वच्छ, आणि खाली तो पायांना कळणारा आवाज. बाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणजे मंडळीच्या हिशोबाने टाळ्यांचा कडकडाटच. डॉक्टरीणबाईंना वाटलं, बस्स, झालं. आता काही नको.

मग गाण्याआधीचा संवाद घेतला.

"पोरी," काका म्हणाले, आणि खट. "समुद्राशी," खट, "माझी सोयरीक," खट, "तुझ्या जन्माआधीची." खट, खट.

कोळणी फिदीफिदी हसल्या.

"हे काय वाजतंय?" बाईंनी विचारलं.

"चप्पल," काका म्हणाले. खट.

जिन्यात तिने मोबाइलचा दिवा लावून त्यांच्या तोंडात बघितलं. खालची हिरडी दोन ठिकाणी लालभडक झाली होती, एका ठिकाणी सोललेली. "कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच आलीय ना कवळी. रुळेल."

"जेवलात का हिने?"

काकांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत जुनी कवळी. "जेवायला ही आहे ना. गायला ती, जेवायला ही. कपड्यांचे नाही का दोन जोड असतात? तू काळजी करू नकोस, तुझ्या सरांपुढे मी ठणठणीत आहे."

तिला त्यांचा इतका राग आला की काही सुचेना. हा कसला समजूतदारपणा! माणसाने आरडाओरडा करावा, पैसे परत मागावेत, कवळी फेकून मारावी. इथे पैसेही नव्हते आणि आरडाओरडाही नव्हता. सगळा घोटाळा तिचा, आणि तो नेमका कुठे झाला हेही तिला कळत नव्हतं. मापं बरोबर होती. आकडे तिने तीनदा तपासले होते.

कळलं ते बुधवारी. तालमीच्या सुरुवातीला बाई सगळ्यांना गोल उभं करून गळा तापवायला लावायच्या. "ओठ मिटा," त्या म्हणाल्या, रोज म्हणायच्या तशाच. "दात सुटे. जबडा खाली सोडा. तोंडात लिंबू आहे असं समजा. आता गुणगुणा."

वीस माणसं गुणगुणू लागली. डॉक्टरीणबाईही. आणि मग ती एकटीच थांबली. तिने आपल्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं. आत तिचे दात एकमेकांपासून चांगले बोटभर लांब होते.

जगातली बाकीची माणसं 'म्म्म' म्हणताना सैलावतात. बाईंनी तयार केलेला माणूस 'म्म्म' म्हणताना आत देऊळ उघडतो. खर्जकाकांचा जबडा अकरा वर्षं तसा उघडायला शिकला होता, आणि तिने तेच अंतर मोजलं होतं. चावा चार-पाच मिलिमीटर उंच झाला होता. गाताना तोंड उघडंच, म्हणून सगळं गोड. बोलायला गेलं की वरचे दात खालच्यांवर आपटणार. जेवायला गेलं की हिरड्या सोलणार. तिने गाण्यापुरती कवळी केली होती. पुस्तक वाचणारा दुसरा कुठलाही विद्यार्थी असा चुकला नसता, कारण दुसऱ्या कुणी पेशंटबरोबर गायलंच नसतं.

गुरुवारी साडेतीनला विभागप्रमुख सर शेवटच्या तपासणीला आले. सर फक्त सोमवारी आणि गुरुवारी यायचे, कमी बोलायचे आणि त्यांची सही म्हणजे शेवटची सही. त्यांनी काकांच्या तोंडातली कवळी हलवून बघितली, आरसा ठेवला, लॉगबुक ओढलं.

"साठपासून मोजा," ते काकांना म्हणाले.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, डोळा मिचकावला, छाती भरून घेतली आणि चक्क गायला सुरुवात केली. "साऽऽठ, एकसऽऽष्ट, बासऽऽष्ट..." सुरात, लयीत, तोंड उघडं ठेवून. एक खट नाही. शेजारच्या चार खुर्च्या टाळ्या वाजवायच्या बेतात. सरांच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सही झाली असती, तर फॉर्म भरला गेला असता आणि नऊ दिवसांनी ती गायली असती. तिला एवढंच करायचं होतं, की गप्प बसायचं. ते काही कठीण नव्हतं. पेन कागदापासून वीतभर अंतरावर होतं.

"सर, थांबा," ती म्हणाली. "त्यांना बोलायला सांगा. गायला नको."

"अगं!" काका म्हणाले. खट.

सरांनी टोपण परत लावलं. "विश्रांतीची उंची कशी घेतलीस?"

"गुणगुणायला सांगितलं."

"हे गातात?"

"हो, सर."

सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, रागाने नव्हे, एखादी नवीनच जात सापडल्यासारखे. "खालच्या कवळीवरचे दात काढून टाक," ते म्हणाले. "उद्या नवा चावा घे. दात पुन्हा मेणात बसवून सोमवारी मला दाखव. पाच वाजता."

"चारला चालेल, सर?"

"चारला माझा तास आहे. पाच."

त्या संध्याकाळी तालीम सुटल्यावर ती बाईंपाशी गेली. तिला वाटत होतं, सांगितलं की कळेल. इतकी वर्षं बाई कारणं ऐकत नव्हत्या, कारण असं खरं कारण त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"सोमवारी पाच वाजता दार बंद होईल," बाई म्हणाल्या.

"पण बाई, काकाही नसतील."

"त्यांची पहिली रेघ."

"ही कवळी आपल्या नाटकासाठी..."

"कवळी तुझ्या परीक्षेसाठी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाटकाला त्यांची जुनी चालत होती."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरापर्यंत बसने गेलीच नाही, सगळा रस्ता चालत गेली आणि प्रत्येक सिग्नलला बाईंशी मनातल्या मनात भांडली. शेवटच्या सिग्नलला भांडायला मुद्दे उरले नाहीत. मग तिला नर्सची पाण्याची बाटली आठवली. नर्सचं काय कारण होतं, हे तिने कधी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी नवा चावा घेताना काका म्हणाले, "समज, मी सोमवारी आलोच नाही. मग तुलाही थांबायचं कारण नाही. तालीम होईल."

"आणि हिरड्या?"

"माझ्या आहेत."

"आणि सही?"

"पुढच्या वर्षी घे. परीक्षा दर वर्षी असते, हे गाणं..."

"काका!" तिचा आवाज इतका चढला की मॅडम पडद्याआडून डोकावल्या. "तुम्ही पावणेपाचला याल. इथे. या खुर्चीत. आणि माझ्यासाठी काही करणार नाही. कळलं? कुणीही माझ्यासाठी काही करायचं नाहीये!"

काकांनी मान हलवली. तिने त्यांना साधा चहा पाजला, मुलाबाळांच्या, पोस्टातल्या गप्पा काढल्या, आणि कुठल्याशा कुत्र्याची गोष्ट सांगून दमून ते गप्प बसले, तेव्हा हळूच पट्टी लावली. अंतर पाच मिलिमीटरने कमी भरलं.

सोमवारी पाच वाजता सर आले नव्हते. पाच वाजून एका मिनिटाने तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून सात मिनिटांनी सर आले. काका साठपासून सत्तरपर्यंत बोलले, एका दमात, साध्या आवाजात, पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तसे. काही वाजलं नाही. सरांनी मेणाच्या चाचणीपुढे सही केली, "ठीक," म्हणाले आणि गेले. सात मिनिटं उशिरा आल्याबद्दल सरांच्या नावापुढे कुणी रेघ मारली नाही.

मंगळवारी ती पाचला पाच कमी असताना हॉलमध्ये पोचली. दार लागेपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही. मग बघितलं. 'मुलगी'पुढे तिसरी रेघ होती, बारीक, वाकडी, जेमतेम खडू टेकवल्यासारखी.

"ताई, मला मारायची नव्हती," धाकटी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

"मग सरळ तरी मारायचीस," ती म्हणाली. "एवढी बारीक कशाला? तुलाच हवी होती ना?"

धाकटी रडायला लागली. आता हिचं रडणंही आपणच बघायचं! निघून जावं, खिडकीतली बाटली उचलावी आणि जावं, असं तिला फार वाटलं. पण बाटली पिशवीतच होती, आणि 'पिता' या शब्दापुढची जागा कोरी होती.

"बाई," ती म्हणाली, "काकाही काल नव्हते."

काकांच्या जागी राखीव कुणी नव्हतं, मग रेघ मारणार कोण? बाईंनी दाराकडे पाहिलं. मग उठून त्यांनी स्वतः खडू घेतला, आणि मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने रेघ मारली. खडू ठेवताना त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "शेवटी जहाजाचा भोंगा कुणीतरी वाजवायला हवाय. तीनदा. वेळ साधता आली पाहिजे."

"वाजवते," ती म्हणाली. का म्हणाली, कुणास ठाऊक.

गुरुवारी काकांना दुरुस्त कवळी मिळाली, लॉगबुकात सरांची शेवटची सही झाली, आणि शनिवारी प्रयोग झाला. खुर्च्या भरल्या होत्या. आई दुसऱ्या रांगेत होती. लेक पडद्याआड भोंगा वाजवणार हे तिला त्याच दुपारी कळलं होतं, आणि तिने "एक काहीतरी" हा विषय काढला नाही. डॉक्टरीणबाई पडद्याच्या कडेला लाकडी पेटीतून निघालेल्या पितळी भोंग्याजवळ बसल्या होत्या. शेवटचा अंक आला. काकांनी संवाद म्हटला. ती शब्द ऐकत नव्हतीच, फक्त दात ऐकत होती. पोरी. समुद्राशी. माझी सोयरीक. काही नाही. मग गाणं. सांजसकाळी सागर सांगे. धाकटी पहिल्या ओळीला थोडी कापली, मग सावरली आणि चांगलं गायली. साडेचार मिनिटं. डॉक्टरीणबाईंनी तीन भोंगे दिले, एकही चुकला नाही, आणि लोकांनी बसल्या जागी टाळ्या सुरू केल्या त्या थांबेनात.

रंगपटात गर्दी होती, फुलं होती, धाकटीला तिचे आईवडील मिठी मारत होते. कुणीतरी फळांची टोपली आणली होती. खर्जकाका आरशासमोर अजून दाढी लावलेलेच बसले होते. त्यांनी टोपलीतलं एक लाल सफरचंद उचललं, शर्टाला पुसलं आणि पुढच्या दातांनी त्याचा करकरीत लचका तोडला.

"काका!" ती ओरडली, आणि आठवडाभराचा सगळा राग, बाईंवरचा, सरांवरचा, धाकटीवरचा, स्वतःवरचा, त्या सफरचंदावर जाऊन आदळला. "पहिले चार दिवस मऊ खायचं, सांगितलं होतं की नाही? आणि पुढच्या दातांनी तर कधीच तोडायचं नाही! कवळी उचलते, हिरडी सोलते, किती वेळा सांगू? कशासाठी केली मी ती?"

सगळे वळून बघायला लागले. काका तोंडात घास तसाच धरून बसले.

"वाजतेय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला गायचं होतं, काका," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

काकांनी हातातलं सफरचंद टेबलावर ठेवलं. तिने नाक पुसलं, टोपलीतली सुरी घेतली आणि उरलेल्या सफरचंदाच्या पातळ पातळ फोडी केल्या, सालं काढून. बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"मागच्या दातांनी," ती म्हणाली. "आणि दोन्हीकडे सारखं चावा."